मातीच्या पाटीवरची नावं

नॉर्थ यॉर्कमधल्या एका नोटरीच्या ऑफिसात नंदकुमार आपला नंबर यायची वाट बघत बसले होते. शेजारच्या खुर्च्यांवर एक आत्या आणि तिची भाची चक्क मराठीत बोलत होत्या. नंदकुमारांचे कान आपसूक तिकडे वळले.

"केया, साडेचार हजार वर्षांपूर्वी कसली गं खरेदीखतं?"

"जमिनीची, आत्या. सुमेरमधली, म्हणजे आताच्या इराकमधली. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने लिहायचे. माझा थीसिसच त्यावर आहे."

"काय लिहायचे?"

"शेत केवढं, विकणारे कोण, साक्षीदार कोण. व्यवहार ठरला की भिंतीत खुंटी ठोकायची, तेल ओतायचं."

"आणि जेवण?"

"असायचं ना. भाकरी, मासे, बिअर."

"बिअर! विकणारे सगळे भाऊच असतील."

"नाही गं, काही पाट्यांवर बायकापण आहेत. कुणाला लोकर दिली, कुणाला कापड, नावानिशी लिहिलंय."

"ती नावं अजून वाचता येतात?"

"रोज वाचते मी."

आत्यांनी मांडीवरचे कागद सरळ केले.

"तुझा बाबा फोनवर एवढंच म्हणाला, गावच्या जमिनीचं हक्कसोडपत्र आहे, सही करून पाठव."

"तू वाचलंस?"

"सख्ख्या भावाने पाठवलेलं काय वाचायचं?"

"वाच, आत्या."

तेवढ्यात आत्यांचा नंबर आला. काउंटरवरच्या बाईने शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"साइन हिअर, प्लीज."

"वन मिनिट हं." आत्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि पहिलं पान उघडलं. "केया, ह्यात माझं नाव कुठं आहे ते आधी दाखव."

पुढचा नंबर नंदकुमारांचा होता. उठायच्या तयारीत अंगात चढवलेला कोट त्यांनी पुन्हा काढून मांडीवर ठेवला; आत्यांचं वाचून होईपर्यंत थांबायला त्यांची ना नव्हती.