पाहुण्यांचं नेट

साईनाथ : परत उघड दार. हं, लाव. बघ, दारावरच्या सेन्सरला कळतंय, माझ्या मोबाइलवरही दिसतंय. पण आईच्या उशाशी लावलेली घंटी गप्प!

शेफाली : साई, उद्या आण्णांचा दहावा आहे. तुझे वडील गेलेत आणि तू सकाळपासून दार उघड-झाक करत बसलायस.

साईनाथ : घंटी मोबाइलवरून वाजवली की वाजते. म्हणजे तीही चांगली आहे. घोळ राउटरमध्ये आहे. बारशाच्या दिवशी मीच सेटिंग बदललं होतं.

शेफाली : आपल्या मुलीच्या बारशाला? कशाला?

साईनाथ : सगळे वायफाय मागत होते. मी पाहुण्यांसाठी वेगळं नेट काढलं, तर रामदासकाका फुगले. 'आम्ही काय परके?' आई म्हणाली, भावकीला घरचंच दे. दिलं. मग पोरं आपल्या खोलीतले दिवे चालू-बंद करायला लागली. म्हणून मी दिवे, सेन्सर, घंटी, सगळंच पाहुण्यांच्या नेटवर टाकलं. परत आणायचं राहून गेलं.

शेफाली : अरे, पण नेट तर मिळत होतं ना?

साईनाथ : नेट मिळतं गं. पण पाहुण्यांच्या नेटवर एका यंत्राला दुसरं दिसत नाही. त्या पहाटे आण्णांनी दार उघडलं हे सेन्सरला कळलं, पण घंटीपर्यंत पोचलंच नाही. माझ्या मोबाइलवर मेसेज आला होता. मोबाइल सायलेंटवर होता.

शेफाली : वा! आणि तिकडे आण्णा हायवेवर ट्रकखाली.

साईनाथ : मारून टाक मला.

शेफाली : मी कशाला? तुझी भावकी आईंना मारतेय रोज. 'बाई घोरत पडली अन् नवरा घालवला', काल काकू जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होत्या. आई मान खाली घालून ऐकून घेतात. मला तर रडू आलं.

साईनाथ : उद्या सगळ्यांसमोर सांगतो.

शेफाली : आधी त्यांना सांग.

(साईनाथची आई मैनाबाई आतून येते, पदरानं हात पुसत.)

मैना : काय सांगायचंय?

साईनाथ : आई, तुझा डोळा लागला म्हणून काही झालं नाही. घंटी वाजलीच नव्हती. माझी चूक हाय.

मैना : ठावं हाय मला.

साईनाथ : काय ठावं हाय?

मैना : घंटी वाजली न्हाई त्ये. पहाटं मी जागीच व्हते.

शेफाली : अहो आई, मग झोप लागली असं का सांगितलंत?

मैना : मंग काय सांगू? समद्यांनी ह्याला फाडून खाल्लं असतं. बापाला अग्नी दिलेलं पोर माझं, त्याला कुणी बोलावं व्हय? मला बोलत्यात, बोलू दे.

साईनाथ : आई, आण्णा उठले ते तुला कळलं होतं?

मैना : कळलं की. 'विहिरीवरची मोटर बंद करून येतो,' म्हनले. विहीर बुजवून ही बिल्डिंग झाली, तरी त्यांची मोटर चालूच. रोजच उठायचे, घरात दोन फेऱ्या मारून पडायचे.

साईनाथ : आणि दार?

मैना : कडीचा आवाज आला.

साईनाथ : मग उठली का न्हाईस गं?

मैना : म्हनलं, भास आसंल. दार उघडलं असतं तर तुझी घंटी वाजली असती.