सोळाशेचे बत्तीसशे

गाब्रोव्हो गावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात राडका प्रिंटर कवटाळून रांगेत उभी होती. तिच्या पुढच्या स्पासकाकांनी मेमरीचं खोकं काउंटरवर स्विलेनापुढे आपटलं.

“खोक्यावर वेग बत्तीसशे, कॉम्प्युटर दाखवतो सोळाशे! स्विलेना, तक्रार लिहून घे. निम्मा वेग कुणी खाल्ला?”

“कुणी नाही, काका. मेमरी एका ठोक्याला दोनदा माल देते. तुमचा कॉम्प्युटर ठोके मोजतो, कंपनी खेपा मोजते.”

“म्हणजे दोन्ही आकडे खरे?”

“दोन्ही.”

“मला शेंडी लावतेस? जुन्या राजवटीत बुटांच्या कारखान्याचे आकडे मीच पाठवायचो!”

“मग दिवसाला किती बूट व्हायचे?”

“सोळाशे जोड.”

“आणि राजधानीत, सोफियाला किती कळवायचात?”

“...बत्तीसशे नग.”

“म्हणजे खोटंच की!”

“खोटं कसलं? डावा वेगळा, उजवा वेगळा!”

“बरं. मग तक्रार लिहू?”

“राहू दे गं.”

“पण काका, सोफियाहून कधी कुणी तपासायला आलं नाही?” मागून राडकानं विचारलं.

“आला होता ना एक साहेब. त्यानं टाचा वेगळ्या मोजल्या. पुढच्या वर्षी मंत्री झाला.”