प्लास्टिक चढवलेली तार

विदिन शहरातल्या हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारबा दुकानदाराशी हुज्जत घालत होते.

"दिमोकाका, अँटेनाला उघडी तांब्याची तारच बरी."

"नको रे बाबा, हिरवी पडते. प्लास्टिक चढवलेली दे."

"हिरवी पडली तर रेडिओ काय रुसणार आहे?"

"चादरींना डाग पडतात. स्तांका त्याच तारेवर कपडे वाळत घालते. किती ओरडलो, तरी ऐकते कुठे!"

"पण काकू तर इटलीत कुणाच्या तरी आईला सांभाळतायत ना? यायचं काही कळलं?"

"नाही."

"बरं, बांधणार कुठे? छपरावर?"

"अंगणात. डोक्याच्या जरा वर."

"इतक्या खाली? मग रेडिओवरून जपानवाल्यांशी गप्पा मारणं विसरा, काका. शेजारच्या गावाचंही धड ऐकू येणार नाही."

"नाही तर नाही. तिचा हात पुरायला हवा."