बसा बसा म्हणतात सगळे

माझं गाव कन्नडच्या पलीकडं, घाटाच्या तोंडाला, आणि आमच्या गावात बसलेला माणूस म्हणजे एकतर पाहुणा नायतर आजारी, तिसरा प्रकार मी लहानपणी बघितला नाय. बापू, म्हणजे माझे वडील, पोलीस ॲक्शन झाली तेव्हा दहा वर्षांचे होते, त्या धामधुमीत आज्यानं सगळ्यांना घेऊन रातोरात डोंगर ओलांडला होता, बापू म्हणायचे तेव्हा जे पाय चालू लागले ते काय थांबले नाय. शेत गावापासून दीड कोसावर. सकाळी जायचं, दुपारी यायचं, पुन्हा जायचं. बैलगाडी असून पायी. मी थोरला, माझ्यामागं शकू, दोघंच आम्ही. मी आयटीआय केलं फिटरचं आणि चिकलठाण्याला कंपनीत लागलो, एकतीस वर्षं मशीनपुढं उभा राहिलो, आणि आता चौपन्नाव्या वर्षी मला सगळं जग सांगतंय, बसा.

काय सांगू तुम्हाला, वैताग आलाय त्या शब्दाचा.

झालं असं की साखर होती, गोळ्या कधी घेतल्या कधी नाय, आणि एक दिवस लघवीच बंद. पोट असं टम्म फुगलं, घाम फुटला, पोरगा दवाखान्यात घेऊन गेला तर त्यांनी नळी घातली, खाली पिशवी लावली. डॉक्टर म्हणाले मूत्राशय थकलंय, प्रोस्टेट वाढलंय, साखर खाली आल्याशिवाय ऑपरेशन नाय, तोपर्यंत नळी राहील. म्हटलं किती दिवस. म्हणाले बघू. आता चार महिने झाले, महिन्याला नळी बदलतात, आणि ते अजून बघतायत.

पण एक सांगतो, घरी सोडताना तिथल्या सिस्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. काका, झोपून राहू नका, रोज चाला, पाणी भरपूर प्या, पिशवी कमरेच्या खाली ठेवा. माझी बायको शेजारीच उभी होती, तिनं मान हलवली, आणि घरी आल्याबरोबर पलंगावर तीन उशा लावल्या. बसा. चहा आणते, बसा. नळी निसटंल, बसा. शेजारचे आले बघायला, ते उभे आणि मी बसलेला, बसा बसा उठू नका. कंपनीत गेलो हलकं काम मागायला, तर साहेबानं खुर्ची मागवली, बसा. बसून बसून पंधरा दिवसात मांड्या अशा लोंबायला लागल्या, जिना चढताना गुडघे लटलट कापले, आणि मी भ्यालो. नळीला नाय भ्यालो. पायाला भ्यालो. एकदा पाय गेले की माणूस जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा मला चालायचंय, एवढंच माझं म्हणणं, आणि एवढंच कुणी ऐकंना.

बायको म्हणायची एवढा हट्ट कशाला. मी तिला कारण सांगितलं नाय. तेवीस वर्षं झाली लग्नाला, आणि हे कारण सोडून सगळं सांगितलंय तिला.

हां, आधी माझी अक्कल पण ऐका. पहिल्या दिवशी चालायला निघालो तर पिशवीचं काय करायचं. हातात धरून कॉलनीतनं जायचं? मला ते शक्यच नव्हतं. मग पोराची खांद्याला लावायची कापडी झोळी घेतली, नळी शर्टाखालनं वर घेतली, पिशवी झोळीत आणि झोळी काखेत, असा ऐटीत निघालो जसा काय पंचायत समितीचा मेंबर. दोन दिवस फिरलो. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, दोन गोधड्या घातल्या तरी थंडी जाईना. दवाखान्यात त्याच सिस्टर. त्यांनी झोळी बघितली आणि कपाळाला हात लावला. काका, तुम्ही फिटर ना, म्हणाल्या, टाकी खाली आणि निचरा वर, असं कुठल्या कंपनीत बसवलंय तुम्ही? घाण सगळी माघारी आत गेली. एकतीस वर्षं पाइप जोडले मी. झोळी गुमान खाली ठेवली.

बायकोला तर आयतं सापडलं. बघा, म्हणाली, चालल्यानं ताप आला.

त्यातनं वाचवलं रफिकभाईनं. उस्मानपुऱ्यात टेलर आहे, आमची दोस्ती कंपनीत नवा लागलो तेव्हाची, युनिफॉर्म त्याच्याकडंच शिवायचो. मी त्याला सांगितलं नळी लागलीय, तर बाकीच्यासारखं त्यानं हाय हाय केलं नाय, टेप काढला आणि म्हणाला, क्या पाटील, बैठ के अंडे देने का इरादा है क्या. सिस्टरनं पायाला बांधायची छोटी पिशवी दिली होती, पट्ट्यांची, ती त्यानं पोटरीला लावून बघितली, खडूनं खुणा केल्या, आणि ढगळ पँट शिवली, आतनं पोटरीपाशी कापडी कप्पा, बाहेरनं शिवणीत लपलेली चेन, म्हणजे चेन उघडली की पिशवीची तोटी हाताला येते, कुठंबी रिकामी करता येते. एक पँट झाल्यावर म्हणाला चलके दिखाव. दुकानात चार येरझाऱ्या घातल्या. तो म्हणाला, कुछ नै दिखता. मग स्वतःच म्हणाला, और दिखा तो भी क्या, पानीच है.

पानीच है. त्यानं सहज म्हटलं ते. मला मात्र तिथं दुकानात खाली बसावं वाटलं.

आता लिहा तुम्ही, माझी गोष्ट लिहायला आलात ना, लिहून घ्या, एवढी वर्षं कुणाला बोललो नाय.

बापूंना पण नळी लागली होती. पंधरा वर्षं झाली. आई आधीच गेलेली, शकूचं लग्न होऊन ती कन्नडला, म्हणून बापूंना मी इकडं आणलं. त्यांचं पण प्रोस्टेटच, आणि छाती कमजोर म्हणून डॉक्टर ऑपरेशन नको म्हणाले, नळी कायमची. नेहमीची मोठी पिशवी लावलेला माणूस. त्यांना त्याचं काय सुद्धा वाटलं नाय. दुसऱ्या दिवशी पहाटं उठले, पिशवी हातात धरली जसा तांब्या धरतात, आणि निघाले कॉलनीतनं. सगळ्यांना रामराम. कुणी बघितलं की वर करून दाखवायचे, हे बघा, म्हातारपणाचं इंजन, हे असं बाहेरनं चालतं. आणि मी तेव्हा नुकताच सुपरवायझर झालेलो, घर नवं, शेजारी सगळे शिकलेले, बायका गॅलरीतनं बघायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बापूंना म्हटलं जरा पिशवी झाका. म्हणाले, का रं, चोरीची हाय का?

त्यातच धोंड्याचा महिना आला. तुमच्याकडं असंलच, अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, पाटावर बसवायचं, सासऱ्यानं त्याचे पाय धुवायचे, धोंडे खाऊ घालायचे. शकूचा नवरा जीप चालवायचा, कन्नड ते घाट. बापूंना तो मुळात पसंत नव्हता, नोकरीवाला पाहिजे होता, पण शकूनं हट्ट धरला आणि लग्न झालं. बापू लई दिवस बोलले नव्हते त्याच्याशी. त्या महिन्यात मात्र स्वतःहून म्हणाले, बोलव दोघांना, मी धुतो पाय. नवं धोतर काढून ठेवलं. मी बोलावलं, आणि माझी बुद्धी फिरली, माझ्या दोन साहेबांना पण बोलावलं त्याच जेवणाला. मग दोन दिवस झोप नाय. हे पिशवी घेऊन पाटापुढं बसणार, साहेब बघणार. सकाळी बापूंना म्हटलं, डॉक्टरचा फोन होता, नळी सरकलीय म्हणे, हलायचं नाय, खाली वाकायचं तर नायच, आतल्या खोलीतच बसा. फोनबिन काय नव्हता. उलट डॉक्टरनं मला बजावलं होतं, म्हाताऱ्याला चालवत ठेवा. बापू बघत राहिले. म्हणाले, डाक्टर म्हनला? म्हटलं व्हय. मग धोतर घडी करून उशाला ठेवलं आणि बसले.

पाय मी धुतले. शकूनं विचारलं बापू कुठंयत. साहेब समोर, पाण्याचं ताम्हण हातात, आणि माझ्या तोंडातनं निघालं, ते नाय म्हणतायत गं, तुला माहितीय त्यांचा स्वभाव. बस एवढंच. ती त्या खोलीच्या दाराकडं बघत राहिली, आत गेली नाय. जेवली पण नाय नीट. त्या दिवसापासून तिनं यायचं सोडलं. बापूला माझा नवरा नको तर मी पण नको, असं तिनं माझ्या बायकोला फोनवर सांगितलं.

आणि बापू डॉक्टरनं सांगितलं म्हणून बसून राहिले. आज सांगीन, उद्या सांगीन, असं मी म्हणत होतो, पण खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. कॉलनी शांत होती. दोन महिन्यात त्यांचे पाय काटकीसारखे झाले. तिसऱ्या महिन्यात मी म्हटलं बापू, आता चाला, डॉक्टर चाला म्हणतोय, तर उभंच राहता येईना. मग पाठीला जखमा, मग ताप. सातव्या महिन्यात गेले. शकू आली ती माती द्यायला. रडली नाय. म्हातारा हट्टानं गेला, म्हणाली.

तिला मी तेव्हा सांगितलं नाय, वर्षश्राद्धाला सांगितलं नाय, दर वर्षी राखी बांधून घेतली आणि सांगितलं नाय.

तर आता माझी नळी ऐकून शकू आली. दोन आठवडे झाले. येताना डिंकाचे लाडू, मला साखर, तरी लाडू. आणि तिनं पण तेच सुरू केलं, दादा बस. मी ऐकंना, सकाळी पँट घातली, चेन लावली, आमच्या कॉलनीमागं मोकळं मैदान आहे तिथं निघालो, तर ही मागं मागं. एक फेरा होईस्तोवर बडबड. नळी घेऊन कुणी फिरतं का, वहिनी रडतीय, तुला काय पडलीय का, सगळ्या खानदानाला एकच खोड, तो म्हातारा एक हट्टानं खोलीत बसून मेला आणि तू एक हट्टानं चालून मरतोस.

मी थांबलो. म्हटलं शकू, बापू हट्टानं बसले नव्हते. मी बसवलं त्यांना.

आणि सगळं सांगितलं. फोन नव्हता हे, डॉक्टर चालवा म्हणत होता हे, धोतर काढून ठेवलं होतं हे. साहेबांचं पण. तिच्याकडं बघायची हिंमत नव्हती, पायाकडं बघत बोललो. मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती, एक बॉल आमच्यापर्यंत आला, तिनं तो उचलून फेकला, इतक्या जोरात की पार भिंतीपलीकडं गेला. पोरं ओरडली. तिनं विचारलं, माझी आठवण काढायचे का?

म्हटलं रोज. शकू का येत नाय म्हणायचे. मी म्हणायचो पोरं लहान आहेत.

मला वाटलं शिव्या देईल, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती तिथंच दगडावर बसली. मी पण बसायला गेलो तर म्हणाली, तू बसू नकोस. तू चाल. मी तीन फेरे मारले आणि ती बघत राहिली, एकदा पण डोळे काढले नाय माझ्या पायावरनं. घरी येऊन तिनं आपले कपडे भरले आणि दुपारच्या एसटीनं गेली. बायको विचारतीय काय झालं. तिला पण सांगितलं मग. तिनं त्या तीन उशा काढून नेल्या पलंगावरच्या.

माफ केलं का शकूनं? मला माहीत नाय, आणि विचारायचा हक्क नाय. तिचा फोन येतो तेवढा, रोज सकाळी साडेसहाला. कसा आहेस नाय, वहिनी कशीय नाय. चाललास का, एवढंच. मी म्हणतो चाललो. ती म्हणते किती फेरे. सांगतो. फोन बंद. अहो पाऊस असो, अंगात कणकण असो, साडेसहा म्हणजे साडेसहा, कंपनीचा भोंगा बरा याच्यापेक्षा.

आज पाय ठणकत होते, रात्री नळीनं झोपू दिलं नव्हतं, उठलोच नव्हतो मी. फोन वाजला. हो म्हटलं असतं तर तिला काय कन्नडहून दिसतंय. जिभेवर आलं पण होतं. पण म्हटलं, नाय गं शकू, अजून नाय चाललो.

ती म्हणाली, मग ऊठ.

उठलो.