उजवी बाजू

राजश्री : बाबा, बसा ना आता. तुम्ही असे फिरून राहिले तं मलापण चक्कर येते.

रत्नाकर : योगेंद्र कुठं आहे?

राजश्री : वॉर्डात लेटून आहेत. गौरांगला भूल द्यायला आत नेलं, तो रडला, अन् इकडे ह्यांचेच हातपाय गार पडले. सिस्टरनं ग्लुकोज पाजलं.

रत्नाकर : घ्या! तोफांच्या कारखान्यात नोकरी, अन् सुई पाहून पडते माझा पोरगा.

राजश्री : हसू नका हो. आई म्हणतच होत्या, सव्वा वर्षाचं लेकरू आहे, काहून कापता? उतरंन आपोआप.

रत्नाकर : सहा महिन्यांनंतर आपोआप नाही उतरत, हे डॉक्टरीणबाईनं सांगतलं ना.

राजश्री : पण उजव्या अंडाची गोटी त्यांच्या हाताला लागलीच नाही, बाबा. जांघेत नाही, पिशवीत नाही. पोटात आहे की नाहीच, ते दुर्बीण टाकल्यावर समजंन म्हणे. सुकलेली निघाली तं काढून टाकतील. मग?

रत्नाकर : मग काय? डावी जागेवर आहे. एकीनं सगळं होते. बायको, लेकरं, सगळं.

राजश्री : अरे बाप रे! तुम्ही बोललात हे? घरी तं नुसतं 'ते', 'ते' चालायचं तुमचं.

रत्नाकर : सासरा आहो मी, लाज येते. पण या लाजेपायी बंडूदादाचं काय झालं, ते पाहून बसलो आहो.

राजश्री : पनागरच्या मोठ्या बाबांचं?

रत्नाकर : त्याच्या दोन्ही बाजू रिकाम्या होत्या. आमच्या आईला माहीत होतं. न्हाऊ घालताना दिसणारच ना? कोणाजवळ बोलली नाही. मोठा झाला, लग्न लावून दिलं.

राजश्री : म्हणजे मोठ्या आईला मूलबाळ नाही, ते...

रत्नाकर : हो. अन् वांझ म्हणायचे शरयूवहिनीला. बारशाला कोणी बोलवत नसे. मैहरच्या देवीच्या पायऱ्या अनवाणी चढली ती, नवसासाठी.

राजश्री : त्यांना काही माहीत नव्हतं?

रत्नाकर : होतं. दादानंच सांगतलं होतं. तरी तिनं तोंड उघडलं नाही. म्हणायची, मला बोलतात ते बोलू दे, त्यांना कोणी हसायला नको. हे मला दादाच्या शेवटच्या दुखण्यात समजलं. तिच्याकडे मान वर करून पाहवेना.

राजश्री : म्हणून तुम्ही या ऑपरेशनसाठी आईंशी एवढे भांडलात?

रत्नाकर : भांडलो नाही बेटा. आवाज चढला, इतकंच. थांब, दार उघडलं.

(डॉ. गीतांजली टोपी काढत बाहेर येतात.)

डॉ. गीतांजली : राजश्रीजी, घाबरू नका. सापडलं. पोटातच होतं, जांघेच्या वाटेच्या अगदी तोंडाशी. थोडं लहान आहे, पण चांगलं गुलाबी आहे. काढायची गरज पडली नाही.

रत्नाकर : खाली आलं?

डॉ. गीतांजली : आलं. त्याच्या रक्तवाहिन्या आखूड असत्या, तर दोनदा करावं लागलं असतं. म्हणजे आज नुसत्या त्या बंद करायच्या आणि सहा महिन्यांनी खाली आणायचं. याच्या पुरल्या. सावकाश मोकळ्या केल्या, जांघेतून खाली उतरवलं, पिशवीच्या कातडीखाली एक छोटा खिसा केला आणि तिथे बसवलं.

रत्नाकर : ताण तं नाही ना पडत? पुन्हा वर चढलं तं?

डॉ. गीतांजली : ताण नको म्हणूनच तर इतका वेळ लागला. तरी दाखवायला आणत राहा. आणि काही दिवस पाय फाकवून कडेवर घ्यायचं नाही.

राजश्री : कठीण आहे, मॅडम. तो बाबांच्या कडेवरून उतरतच नाही.

डॉ. गीतांजली : मांडीवर आडवा घ्या. आणखी एक. वयात आला की त्याला स्वतः हातानं तपासायला शिकवायचं, महिन्यातून एकदा. अशा मुलांना पुढे गाठ होण्याचा धोका थोडा जास्त असतो. लवकर समजली तर बरी होते. घरातल्या कोणीतरी हे त्याला नीट समजावून सांगायला हवं.

राजश्री : त्याचे पप्पा? ते तं ऐकूनच पडतील.

रत्नाकर : योगेंद्रला राहू दे. मी सांगीन.

राजश्री : बाबा, तोवर तुमचं वय किती होईन?

रत्नाकर : होऊ दे ना. राहतो मी तोवर.