खुर्च्या बरोबर होत्या

जबाब देणारीचे नाव: वस्तीत सगळे मला खुर्चीवाली ताई म्हणतात, पूर्ण नाव वेगळ्या कागदावर घेतले आहे. वय छप्पन्न. धंदा खुर्च्या व सोफ्यांना गादी-कापड बसवणे. राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर. घरी मी व यजमान.

मी आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील धंद्याचे माझे दुकान आहे. ते आधी वडिलांचे होते. दुकानापासून चार दुकाने सोडून एक इस्त्रीचे दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली इस्त्रीवाली मावशी म्हणते. माझ्या घरचे कपडे कित्येक वर्षे त्यांच्याकडेच जातात. बाई तोंडाच्या तुसड्या आहेत, पण कपडे वेळेवर देतात. त्यांच्याशी माझे बोलणे कपड्यांपुरतेच होते. त्या पूर्वी कोण होत्या हे मला माहीत नव्हते.

मी सतरा वर्षांची असताना वडिलांबरोबर एका बँकेत खुर्च्या दुरुस्तीच्या कामाला गेले होते. त्या दिवशी त्या बँकेवर दरोडा पडला. दरोडा घालणारे एक पुरुष व एक बाई असे दोघे होते. तो पूर्वी गॅरेजात कामाला होता, ती दवाखान्यात. दोघांनी मिळून त्या काळात बरेच दरोडे घातले होते व वर्तमानपत्रवाले त्यांना राजा-राणी म्हणत. त्या दरोड्यात बँकेचे रोखपाल गोळी लागून मरण पावले. पुढे राजा पोलिसांच्या गोळीबारात मेला. राणी पकडली गेली व तिने शिक्षा भोगली. गोळी राजाने झाडली, असे कोर्टाने ठरवले होते. त्या वेळी माझाही जबाब झाला होता. मी काउंटरच्या आत जमिनीवर बसून मॅनेजरच्या खुर्चीला कापड ठोकत होते, त्यामुळे काही पाहिले नाही, असे मी सांगितले होते. ते खरे होते.

गेल्या वर्षी या दरोड्यांवर मालिका काढणारी मंडळी, त्या बँकेच्या खुर्च्यांचे काम आमच्या दुकानाकडे होते म्हणून, माझ्याकडे आली. त्यांच्यात एक तरुण दिग्दर्शिका होती, मुलगी बोलायला गोड. ती म्हणाली, “ताई, आम्हाला सगळं जसंच्या तसं हवंय. इतिहासाशी आम्ही खेळत नाही.” तिने मला रेक्झिनचा रंग विचारला, खुर्चीचे हात लाकडी होते का लोखंडी ते विचारले, कोणत्या खुर्चीचा स्पंज बाहेर आला होता तेही विचारले. इतक्या आस्थेने माझ्या कामाबद्दल मला आजवर कोणी विचारले नव्हते. बँकेच्या सगळ्या खुर्च्या मीच करून दिल्या. दरोड्याच्या वेळी मी तिथे होते हे मीच बोलता बोलता सांगितले. त्यावर तिचे डोळे चमकले. गोळी कोणी झाडली हे मात्र तिने विचारले नाही. विचारले असते तर मला माहीत नाही असेच मी म्हणाले असते.

नंतर त्यांनी मला बँकेतल्या दरोड्याचे दृश्य एका मोठ्या टीव्हीवर दाखवले व सगळे बरोबर आहे का असे विचारले. मी नीट पाहून बरोबर आहे असे सांगितले व त्यांनी पुढे केलेल्या कागदावर सही केली. हवालदारांनी आता विचारले की सही करताना मी काय तपासले. मी खुर्च्या तपासल्या. माझ्या हातून गेलेले काम कोणी पाहत असताना मी दुसरे काय पाहणार?

मालिका लागली तेव्हा मी व यजमान घरी बसून पाहत होतो. त्या दृश्याच्या आधी पडद्यावर अक्षरे आली की हा प्रसंग प्रत्यक्षदर्शीने तपासलेला आहे. मला बरे वाटले. पुढे राणी हसत हसत रोखपालांवर गोळी झाडते व राजा तिच्याकडे कौतुकाने पाहतो, असे दाखवले आहे. मी यजमानांना म्हणाले, “डावीकडच्या खुर्चीची शिवण उसवलीय, यांनी ओढली असणार.” ते म्हणाले, “अगं, तिने माणूस मारला आणि तू शिवण काय बघतेस?” तेव्हा कुठे माझे लक्ष गेले. मी म्हणाले, तिने मारला नव्हता ना? ते म्हणाले, “मला काय विचारतेस? तपासलंस तू.”

त्यानंतर कोणा वर्तमानपत्रवाल्याने शोध लावला की ती राणी म्हणजे आमच्या गल्लीतली इस्त्रीवाली मावशी. माझा आधी विश्वासच बसेना. जिच्याकडे मी उशांचे अभ्रे टाकत होते ती हीच, हे कसे मानायचे? लोकांनी तिच्याकडे कपडे टाकणे बंद केले. येणारे-जाणारे दुकानासमोर उभे राहून फोटो काढू लागले. मला तिच्याकडे जायचे होते, पण जाऊन काय बोलावे ते सुचत नव्हते, म्हणून मी गेले नाही.

दरम्यान माझा नुसता गोंधळ उडाला. पूर्वी त्या दिवसाचे मला फारसे आठवत नसे, म्हणून ते मालिकेशी ताडून पाहता येईना. आता डोळे मिटले की मालिकेतलीच बँक दिसते, आणि ती माझ्या हातच्या खुर्च्यांनी भरलेली आहे, त्यामुळे ती खोटी आहे असे मनाला पटत नाही. कधी वाटे, राणीला हसताना मी खरेच पाहिले असेल. कधी वाटे, जमिनीवर बसलेल्याला काउंटरपलीकडचे काय दिसणार? यजमानांना विचारले तर ते म्हणाले, जास्त डोके चालवू नकोस. पण ते कुठे थांबते?

आज सकाळी मी दुकान उघडल्यावर एक गृहस्थ आले. मला वाटले गिऱ्हाईक. त्यांनी सांगितले की ते त्या रोखपालांचे चिरंजीव. वय पन्नाशीच्या आतले, सायकलींचे दुकान आहे म्हणाले. मी त्यांना बसायला दिले, ते बसले नाहीत. ते म्हणाले, “ताई, तुम्ही तिथे होता. बाबांना राजाने मारलं असं आईने मला लहानपणापासून सांगितलं. तो मेला, तिथे आमचं भांडण संपलं. आता हे काय? मग आई खोटं बोलली का?” मी म्हणाले, मला नक्की सांगता येत नाही. ते म्हणाले, “तुम्ही तपासलंय असं लिहिलंय की.” मी म्हणाले, “खुर्च्या बरोबर होत्या.” मग ते इस्त्रीच्या दुकानाकडे चालू लागले. मला भीती वाटली म्हणून मी मागोमाग गेले.

इस्त्रीवाली मावशी टेबलामागे उभ्या होत्या. रोखपालांचा मुलगा त्यांना म्हणाला, “खरं सांग. माझ्या बाबांना कोणी मारलं?” त्या म्हणाल्या, “जे होतं ते कोर्टात सांगितलं. तुम्हाला टीव्हीवरचं पटत असेल तर तेच धरा. मी आता कोणाकोणाला सांगत बसू?” एवढे बोलून त्यांनी पुन्हा इस्त्री हातात घेतली. त्याने टेबल धरून ओढले. टेबल कलंडले व गरम इस्त्री मावशींच्या दंडाला व हाताला लागली. त्या ओरडल्या नाहीत. मग त्यानेच बादली उचलून त्यांच्या हातावर पाणी ओतले, आणि “पाणी, आणखी पाणी” असे तोच ओरडत होता. मी माझ्या दुकानातून पाणी आणले. शेजारच्यांनी मावशींना दवाखान्यात नेले. त्या तिथे दाखल आहेत.

साहेबांनी विचारले की त्याने इस्त्री मारण्याच्या इराद्याने पाडली का, की मावशींनी ती त्याच्यावर आधी उगारली. मी प्रामाणिकपणे सांगते की टेबल त्याने ओढले, हे मी पाहिले. इराद्याचे मला सांगता येत नाही. ज्याने टेबल ओढले आणि ज्याने पाणी ओतले तो माणूस एकच होता, एवढेच मला ठाऊक आहे. उगारण्याबद्दल मघाशी मी हो म्हणाले होते, ते कृपया खोडावे. इस्त्री उगारलेली बाई मला डोळ्यांसमोर दिसते खरी, पण तिचा चेहरा मावशींचा नाही, मालिकेतल्या नटीचा आहे. मावशींनी इस्त्री नुसती हातात घेतली होती.

यावर साहेब म्हणाले की भांडणाचे मूळ जुन्या गोळीबारात आहे, तेव्हा त्याबद्दल जे आठवते तेही सांगा. मला काही आठवेना. मला आठवावे म्हणून त्यांनी आपल्या मोबाईलवर मालिकेतला तोच भाग लावला व विचारले, “असंच झालं होतं का?” मी म्हणाले, साहेब, हे पाहूनच तर माझे सगळे बिघडले आहे. तोवर गोळीचा आवाज झाला. मोबाईल केवढासा, पण मी अशी दचकले की हातातला चहा टेबलावर सांडला. हवालदारांनी पुसता पुसता विचारले, “तेव्हाही एवढा मोठा आवाज झाला होता?” मी हो म्हणायला तोंड उघडले, पण हो म्हणता येईना.

मी तो आवाज ऐकलेला नाही. रोखपाल माझ्यापासून दोन हातांवर पडले आणि मी गोळी ऐकली नाही. भीतीने माझे कान बंद झाले असे वडील तेव्हा म्हणाले होते व मीही तेच धरून चालले. पण कान आपोआप बंद झाले नव्हते, ते कोणीतरी दाबून धरले होते. खुर्चीमागे माझ्याजवळ कोणीतरी गुडघ्यांवर बसले, दोन्ही हातांनी माझे दोन्ही कान घट्ट दाबले व माझे तोंड आपल्या छातीशी धरले. मग जमीन हादरल्यासारखी वाटली. हात निघाले तेव्हा रोखपाल खाली पडलेले होते.

साहेबांनी विचारले, ते हात राणीचेच कशावरून? मी सांगितले की त्या दिवशी बँकेत मी सोडून दुसरी बाई तीच होती, आणि मला ज्या छातीशी धरले होते ती बाईची होती. साहेब म्हणाले, “पण मालिकेत तर तिच्या हातात पिस्तूल आहे.” मी म्हणाले, मालिकेत मी नाही. मी सांगितले तेवढ्याच वस्तू त्यांनी जशाच्या तशा केल्या; कानांवरच्या हातांचे मी त्यांना सांगितले नव्हते, कारण तेव्हा ते मलाच आठवत नव्हते. गोळी झाली तेव्हा त्या बाईचे दोन्ही हात माझ्या कानांवर होते. तिसरा हात कोणाला नसतो.

साहेबांनी खात्री आहे का असे दोनदा विचारले. बाकी सगळ्याचा गोंधळ आहे. राजा कुठे उभा होता, किती गोळ्या झाल्या, बँकेत पुरुष किती होते, यातले काही मला विचारू नये, मी मालिकेतलेच सांगेन. या दोन हातांची मात्र खात्री आहे. एवढी वर्षे ती बाई माझ्या घरचे कपडे इस्त्री करून देत होती आणि बँकेतली ती मुलगी म्हणजे मी, हे तिला ठाऊक होते की नाही, हे मला कळत नाही. ठाऊक असून बोलली नसेल तर मला फार वाईट वाटते. ठाऊक नसेल तरीही वाटते.

मी हे सांगत असताना रोखपालांचा मुलगा बाहेरच्या बाकावर बसलेला होता. त्याचा शर्ट अजून ओला होता.

वरीलप्रमाणे जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे. तो आणखी एकदा, दार उघडून, बाहेरच्या बाकावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचावा असे मी म्हणाले. हवालदारांनी साहेबांकडे पाहिले व तसा वाचला. त्यानंतर मी सही केली.