सवतीचा रुपया

माझं माहेर उंबरमाळीकडं, डोंगरात. नवऱ्याची पहिली बाईल मेली, मागं तान्ही पोर, आन मला दुसरेपणावर शेणव्याला दिली. लग्नात आधी गळ्यात काय घातलं ठावं हाये का ताई, मंगळसूत्र नाय, तिच्या नावाचा चांदीचा रुपया, जुना, राणीछाप, कडी लावलेला. आमच्या घरात तशी रीतच हाये, मेलेल्या बायकोचा रुपया दुसरीनं गळ्यात बाळगायचा, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं, मग आपण नेसायचं.

पोरीचं नाव सुमी. तिच्या आईचा फोटू कुणी काढलाच नव्हता. बोलायला लागली तशी मांडीवर बसायची, रुपया मुठीत धरायची, वरची राणी बघायची आन म्हणायची, ही माझी आई ना. मी म्हणायची, व्हय गो बाय, तीच. काय सांगायचं लेकराला.

पण चांदी ती, काळी पडायची. सासू म्हणायची, बघ, थोरली रुसली, पोरीला पोटभर घालत नसशील तू. आवो, माझ्या ताटातली भाकर मी तिला देत होते! शेजारणी आल्या तरी आधी माझा गळा बघायच्या. मग मी काय करायची, चिंच घ्यायची, चुलीतली राख घ्यायची, ओट्यावर बसून घासायची, घासायची, पार लख्ख होईतो. लख्ख झाला की सासू गप. भातलावणीत घाम यायचा, परत काळा, मी परत राख घेऊन ओट्यावर. काय सांगू तुमाला, उमर गेली अशी.

सासू गेली, नवरा गेला. सुमी शिकली, वैशाखऱ्याला दिली, नोकरी करते. मागल्या उन्हाळ्यात कडी तुटली म्हणून तिच्यासंगं शहापूरला सोनाराकडं गेले. त्यानं भिंगातून बघितलं, म्हणाला, आजी, राणीचं तोंड कुठं गेलं? मी म्हटलं, काळा पडायचा, म्हणून घासत होते. तर म्हणतो, चांदी काळी पडणारच, घामानं पडते, चुलीच्या धुरानं पडते, नुसत्या हवेनं पण पडते. त्या काळ्यानं रुपयाचं काय बिघडत नाय, जुनी नाणी जमवणारे तर तो रंग जपतात, पुसत नाय. राणी गेली ती तुमच्या राखेनं.

मला तिथंच रडू आलं. कुणी रुसलं नव्हतं ताई. थोरली माझ्यावर कधीच रुसली नव्हती, आन हे सासूला सांगावं तर सासू नाय.

रिक्षानं दोघी परत निघालो. घर आलं तशी सुमी म्हणाली, आये, तू घासायला बसायचीस ना, तवा मला वाटायचं, तू माझ्या आईला पुसतेस. मी दारामागून बघत राहायची. एवढंच बोलली आन घरात गेली. मला तिला सांगायचं होतं, तुला उपाशी ठेवली असं कुणी म्हणू नये म्हणून घासत होते गो. पण मी ओट्यावरच बसून राहिले.

दिवाळीला ती आली नाय. फोनवर म्हणाली, सुट्टी नाय.

आता मी रुपयाला राख लावत नाय. सोनार बोलला होता, काळं आधी खोलगट जागी बसतं, मग उरल्यासुरल्या रेघा उठून दिसतात. परवा उन्हात धरला तर नाकाची रेघ दिसली, थोडे केस दिसले. माझी नजर अधू, भास पण असंल. सुखात राहू दे माझी पोर, तिची लेकरं सुखात राहू देत. आली तर रुपया तिच्या हातात देईन, म्हणीन, तुझी नजर चांगली हाये, तूच बघ गो, आई दिसते का.